नियम पाठ आहे, तरी हात उठतोच! (तीन वर्षांच्या मुलांचा राग आणि मेंदू)

पाटीपेन्सिल
बालवाडीच्या वयातल्या, म्हणजे साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांबद्दल प्रश्न आहे. या वयाच्या मुलाला "मारायचं का कुणाला?" विचारलं की ते जोरजोरात मान हलवून "नाही" म्हणतं. "मारलं तर काय होतं?" "बाऊ होतो." सगळं तोंडपाठ. आणि हातातली गाडी कुणी ओढली की पुढच्याच क्षणी फाडकन आवाज येतो.

पालकांच्या ग्रुपांवर यावर दोन टोकं आहेत. एक पार्टी म्हणते, त्याला सगळं कळतं, लबाड आहे. दुसरी म्हणते, अमिग्डला (मेंदूतला भावनांशी जोडलेला छोटा भाग) हायजॅक झालाय, विचार करणारा मेंदू बंद पडलाय, तो २५ व्या वर्षी पूर्ण होतो, तोवर काही बोलू नका.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्यात. मेंदूत नेमकं काय घडतं? भोकाड पसरलेलं असताना मोठ्यांनी करायचं काय? आणि कुठल्या टप्प्यावर डॉक्टर गाठायचा?

आपापल्या पिल्लांचे किस्से कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे कारणं आणि उपाय येऊ द्या.

रिकामा_डबा
२५ व्या वर्षी पूर्ण होतो? चाळिशीतल्या काही जणांची डिलिव्हरी अजून पेंडिंग दिसते.
(जागा धरून बसलोय.)

जायफळ
राग तयार कुठे होतो तिथपासून सुरू करू, कारण ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो.

१९२८ मध्ये फिलिप बार्ड यांनी मांजरांच्या मेंदूचा वरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, काढून टाकून पाहिला. तरीही ती मांजरं नुसत्या स्पर्शाने फिस्कारायची, पाठीची कमान करायची, नख्या बाहेर काढायची. साग्रसंगीत राग! मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग तोडला की मात्र हा सगळा जमून आलेला राग नाहीसा व्हायचा. पुढे वॉल्टर हेस यांनी जाग्या मांजरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक तारा बसवून सौम्य वीजप्रवाह दिला आणि तसाच राग बटण दाबल्यासारखा उभा केला. १९४९ चं नोबेल त्यांना मेंदूच्या याच भागावरच्या कामासाठी मिळालं. त्याच्याही खाली, मेंदूच्या खोडात, पेरिअ‍ॅक्वेडक्टल ग्रे नावाचा भाग आहे. किंचाळणं, अंग ताठ करणं, हातपाय झाडणं हे एकत्र बांधून स्नायूंपर्यंत तो पोहोचवतो.

ही सगळी यंत्रणा मूल जन्मतं तेव्हाच चालू असते. कॉर्टेक्स जवळजवळ नसलेली (हायड्रॅनेन्सेफली असलेली) बाळंसुद्धा रडतात, चिडतात, हसतात. म्हणजे राग कुणी शिकवावा लागत नाही. शिकायचं असतं ते थांबणं, आणि ते काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं आहे. तिथलं बांधकाम सगळ्यात हळू चालतं. पीटर हुटेनलोखर यांनी १९७९ मध्ये मोजून दाखवलं की एक-दोन वर्षांच्या वयात फ्रंटल भागातल्या पेशींच्या जोडण्या प्रौढांच्या सुमारे दीडपट असतात. मग वर्षानुवर्षं त्यांची छाटणी होते. जोडण्या भरपूर, पण कामाच्या वाटा अजून पक्क्या नाहीत, हे आपलं तीन वर्षांचं मूल.

२५ व्या वर्षाबद्दल: तिथे कुठलीही रेघ नाही. नितीन गोगटे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १३ मुलांचे दर दोन वर्षांनी काढलेले एमआरआय मांडले, वयोगट ४ ते २१. संवेदना आणि हालचालींचे भाग आधी पक्व होतात, पुढचे नंतर. हा उतार सलग आहे. तीन ते पाच या दोन वर्षांत थांबण्याची क्षमता जितकी झपाट्याने वाढते तितकी नंतर क्वचितच वाढते. त्यामुळे "२५ पर्यंत काही बोलू नका" हा निष्कर्ष उलटाच निघायला हवा होता.

चिंचबन
गोगटे! उगाच छाती फुगली. :)
पण मग अमिग्डला कुठे गेला? सगळ्या रील्समध्ये तोच व्हिलन असतो.

जायफळ
@चिंचबन, अमिग्डला आहे तिथेच आहे, कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक. "हे महत्त्वाचं आहे, धोक्याचं आहे, नवं आहे" अशी नोंद करून हायपोथॅलॅमसला खबर देणं हे त्याचं मुख्य काम. पण त्याला भीतीचं किंवा रागाचं "केंद्र" म्हणता येत नाही. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक रुग्ण आहे. दुर्मीळ आजारात तिचे दोन्ही अमिग्डला नष्ट झाले. साप, कोळी, भुताटकीचं घर, कशालाच ती घाबरत नाही. २०१३ मध्ये तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली, तर तिला जोरदार पॅनिक अटॅक आला. म्हणजे शरीराच्या आतून आलेली भीती अमिग्डला नसतानाही होते.

मुलांच्या बाबतीत कामाचं संशोधन डिलन गी आणि निम टॉटनहॅम यांचं. ४ ते २२ वयोगटात भेदरलेले चेहरे दाखवून त्यांनी अमिग्डला आणि प्रीफ्रंटलचा मेळ पाहिला. मोठ्यांमध्ये एक चढला की दुसरा उतरतो. साधारण दहा वर्षांखालच्या मुलांत दोन्ही एकत्रच चढतात. म्हणजे लहान मुलाचा प्रीफ्रंटल "बंद" पडलेला नसतो. तो चालू असतो, पण अमिग्डलाला खाली आणणारं त्याचं नातं अजून बसलेलं नसतं. त्याच गटाचं पुढचं निरीक्षण: लहान मुलांना आईचा फोटो दाखवला की अमिग्डलाची प्रतिक्रिया उतरली, किशोरवयीनांमध्ये तसा फरक दिसला नाही.

घाटरस्ता
म्हणजे घोडा जन्मापासून आहे, लगाम नंतर येतो. बरोबर?

उंबरठा
घोडा-लगाम ऐकायला छान आहे, पण त्यात मुलाला काय जमत नाही ते निसटतं. "जोर कमी पडतो" एवढंच नसतं ते. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर फिलिप झेलाझो यांच्या पत्त्यांच्या चाचणीत आहे. घरी करून बघण्यासारखी आहे, पाच मिनिटं लागतात.

दोन डबे घ्या. एकावर लाल होडीचं चित्र चिकटवा, दुसऱ्यावर निळ्या सशाचं. मुलाला सहा-सात पत्ते द्या, त्यातले काही निळ्या होड्यांचे, काही लाल सशांचे. आधी रंगाचा खेळ: निळं ते निळ्याच्या डब्यात, लाल ते लालच्या डब्यात. तीन वर्षांचं मूल हे पटापट करतं. आता नियम बदला: "रंगाचा खेळ संपला, आता आकाराचा. होड्या होडीच्या डब्यात, ससे सशाच्या डब्यात." विचारा, "ससे कुठे जातात?" मूल बरोबर डबा दाखवतं. "होड्या?" तोही बरोबर. लगेच हातात लाल ससा द्या. तो लालच्या, म्हणजे होडीच्या डब्यात जातो! बहुतेक तीन वर्षांची मुलं हेच करतात आणि प्रत्येक पत्त्याला करतात. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं नियम बदलला की सहज वळतात.

यात राग नाही, गाडी नाही, कुणी काही ओढलेलं नाही. मूल शांत आहे, खूश आहे, नियम तोंडाने सांगतं आहे, आणि हात जुन्याच वाटेने जातो. करताना त्याची मुद्रा बघा, आपण चुकतोय हे त्याच्या गावीही नसतं. माहिती असणं आणि ऐनवेळी त्या माहितीने हात वळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम प्रीफ्रंटलच्या पक्वतेवर अवलंबून आहे. मग रागाची भर पडल्यावर काय होईल ते सांगायला नको. तेव्हा "पाठ आहे, तरी मारतो, म्हणजे लबाड" हे चूक. पाठ असणं हा या वयात कशाचाच पुरावा नाही.

पाचव्या वर्षी मात्र हीच सूट तशीच देऊ नये. :)

घाटरस्ता
पटलं. घोडा तबेल्यात बांधला.

खलबत्ता
एवढं सगळं वाचून आमच्या पिढीच्या धपाट्यांची आठवण आली. दोन धपाट्यांत प्रीफ्रंटल, अमिग्डला, सगळे सरळ व्हायचे. काय बिघडलं?

चिंचबन
@खलबत्ता, प्रतिसादाचा सूर बघता थोडं बिघडलेलं दिसतंय. (हलकेच घ्या.)

उंबरठा
@खलबत्ता, धपाट्याने मूल थांबतं, हे खरं. पण का थांबतं ते बघा. धोक्याच्या वेळी आधी गोठून जाण्याची प्रतिक्रिया येते, तीही त्या खालच्याच यंत्रणेची. रडं थांबलेलं दिसतं. थांबण्याचा सराव मात्र झालेला नसतो. २०२१ मध्ये होर्हे क्वार्तास आणि सहकाऱ्यांनी १४७ मुलांचे एफएमआरआय (काम करत असलेल्या मेंदूचे स्कॅन) तपासले. यांपैकी कुणावरही गंभीर अत्याचार झालेले नव्हते, काहींना फक्त चापट्या बसलेल्या. भेदरलेले चेहरे दाखवल्यावर चापट्या बसलेल्या मुलांच्या प्रीफ्रंटलच्या काही भागांत प्रतिक्रिया जास्त दिसली, आणि तिचा नमुना अत्याचार झालेल्या मुलांपेक्षा वेगळा नव्हता. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नाही, हेही सांगतो. शिवाय "मारायचं नाही" हे मारून सांगण्यातली गंमत वेगळी सांगायला नको.

शाळेत तर प्रश्नच मिटला आहे, मारायला कायद्यानेच बंदी: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७.

सुपारीफूल
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. भोकाडाला एक ठरलेली चाल असते आणि ती ओळखता आली तर निम्मं काम होतं.

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये १८ ते ६० महिन्यांच्या ३३५ मुलांच्या पालकांकडून एकेका प्रसंगाचा क्रमवार तपशील लिहून घेतला. सगळ्यात जास्त वेळा दिसलेला कालावधी अर्धा ते एक मिनिट. तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत आटोपलेले. राग (किंचाळणं, लाथा, ओढणं, फेकणं) सुरुवातीलाच शिखर गाठतो आणि उतरतो. दुःख (रडणं, मुसमुसणं) पूर्ण वेळ खालून वाहत असतं आणि राग उतरल्यावर उघडं पडतं. शेवटी मूल आपणहून कुशीत येतं. आणखी एक मजेशीर निरीक्षण: पहिल्या अर्ध्या मिनिटात मूल खाली बसलं किंवा पाय आपटले, तर प्रकरण लवकर संपण्याची शक्यता जास्त. तेव्हा लोळण घेतली की लगेच उचलायला धावू नका. लोक बघतात ही आपली अडचण आहे, मुलाची नाही.

शिखरावर असताना: कडक, टोकदार वस्तू बाजूला. फरशीवर डोकं आपटत असेल तर खाली उशी किंवा तळहात. मनगट धरून वर ओढायचं नाही, हे ठळक अक्षरांत. एक ते चार वर्षांत कोपरातलं हाड असं ओढल्याने चटकन निखळतं. मूल तो हात वापरणं बंद करतं, बाजूला लोंबता ठेवतं. उचलायचंच असेल तर काखेत हात घालून. मागून मिठी मारून छाती आवळून धरणंही नको. स्वतः खाली बसायचं, हातभर अंतरावर, बाजूला. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून नको. बोलायचं दोन-तीन शब्दांत आणि तेच तेच: "मी इथे आहे." "मारू देणार नाही." मारायला आलेला हात फक्त अडवायचा, पिळायचा नाही.

"का केलंस असं?" हा प्रश्न हद्दपार. त्याचं उत्तर द्यायला भाषा, स्मृती आणि स्वतःकडे बघणं तिन्ही एकदम लागतात, आणि त्या क्षणी तिन्ही नसतात. "तुला राग आलाय ना?" यावरही रील्स भरभरून आहेत. भावनेला नाव दिल्याने अमिग्डला शांत होतो हा २००७ चा प्रयोग प्रौढांवरचा आहे, शांत पडून असलेल्या प्रौढांवरचा. शिखरावरच्या मुलाला "राग आलाय का" विचारलं की बहुधा आवाज चढतो. तेच वाक्य हुंदके सुरू झाल्यावर म्हणा, उपयोग होतो.

खांदे खाली आले, रडण्याचा सूर किंचाळण्यावरून हुंदक्यांवर आला, की जवळ घ्या. पाणी द्या. पण ज्या चॉकलेटवरून सुरू झालं होतं ते तेव्हाही नाही.

रिकामा_डबा
आणि नेमकं तेव्हा आजीची एंट्री: "अगं, दे ना त्याला, केवढं रडवतेस."

उंबरठा
@रिकामा_डबा, विनोद बाजूला, हाच सगळ्यात चिवट प्रकार. रोज दिलं तर मूल रोज मागतं आणि मग देणं पूर्ण थांबवलं की काही दिवसांत विसरतं. कधीतरी दिलं, म्हणजे चारदा नाही आणि पाचव्यांदा हो, तर ते वर्तन महिनोन्महिने टिकतं. बक्षीस मिळण्याच्या अनिश्चिततेने डोपामिनची (मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनाची) यंत्रणा अधिक जागी राहते. लॉटरीवाले यावरच जगतात. म्हणून घरात चार माणसं असतील तर चौघांचं "नाही" एकच हवं, किंवा मग सुरुवातीलाच "हो" म्हणून मोकळं व्हावं. रडून झाल्यावरचा "हो" सगळ्यात महाग.

आणि देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढतं, कमी होत नाही. इथेच बहुतेक घरं हार मानतात. मुलाला मग एवढंच कळतं की नुसतं रडून पुरत नाही, जास्त वेळ रडावं लागतं.

दोनआणे
आजीला नावं ठेवू नका. त्याच आजीच्या मांडीवर पोर दोन मिनिटांत शांत होतं, त्याचं काय? टॉटनहॅमबाईंना आजीचा फोटो द्या.

जायफळ
@दोनआणे, ती मांडी संशोधनात बसते! ओळखीच्या, सांभाळणाऱ्या माणसाचा सहवास ताणाच्या हार्मोनची यंत्रणा खाली आणतो. मांडी द्यावीच. फक्त मांडीसोबत चॉकलेट नको.

याची उलट बाजू रुमानियात दिसली. बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या ६ ते ३१ महिन्यांच्या १३६ मुलांचा प्रकल्प २००० च्या सुमारास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक वाटप करून निम्मी मुलं पालक-कुटुंबांत गेली. साधारण दोन वर्षांच्या आत घरात गेलेल्या मुलांचं माणसांशी जोडलं जाणं पुष्कळ चांगलं राहिलं. तिथे अन्न, कपडे, पाळणे होते. हाकेला ओ देणारं ठरलेलं एक माणूस नव्हतं.

तापमापी
बालरोगतज्ज्ञाच्या खुर्चीतून. मेंदूच्या भागांची चर्चा उत्तम, पण "अलीकडे फार चिडचिड करतो" म्हणून आणलेल्या मुलाच्या बाबतीत आधी चार साध्या गोष्टी पाहायच्या: झोप, कान, पोट, लोह.

झोप: १ ते २ वर्षं, २४ तासांत ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षं, १० ते १३ तास, दुपारची धरून. रात्री अकराला झोपणारं आणि सातच्या बससाठी सहाला उठणारं मूल रोज तीन-चार तास मागे असतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलांची फक्त एक दुपारची झोप चुकवून केलेला एक छोटा प्रयोग (२०१२) आहे: त्यांचा आनंद कमी झाला, वैताग वाढला, आणि न जुळणारं कोडं सोडवताना काहीतरी चुकतंय याचा गोंधळ त्यांच्या चेहऱ्यावर कमी दिसला. ही अवस्था "हट्टी" म्हणून खपते.

कान: सर्दीनंतर चार दिवसांनी, आडवं केल्यावर वाढणारी किरकिर. कानात तेल न घालता दाखवा. पोट: बद्धकोष्ठता. शी दाबून धरणारं मूल दिवसभर धुमसतं.

लोह: यावर जरा सविस्तर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, चेतातंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टण चढायलाही लागतं. लोह कमी असलेलं मूल फिकट दिसण्याच्या कितीतरी आधी चिडकं, सतत बिलगणारं आणि खेळात रस नसलेलं होतं. माती, भिंतीचा चुना, खडू खातं का, हे विचारतोच.

याचाच एक घाबरवणारा प्रकार म्हणजे रडता रडता श्वास कोंडणं. मूल रडतं, श्वास बाहेर सोडतं, आत घेतच नाही. ओठ निळे, मग अंग सैल, कधी दोन-चार झटके, आणि बहुधा एका मिनिटाच्या आत सगळं पूर्ववत. सहा महिने ते दीड वर्षात सुरू होतं, चार-पाच वर्षांपर्यंत जातं. मूल मुद्दाम करत नाही. श्वास आणि नाडीवरचं स्वयंचलित नियंत्रण अपरिपक्व असतं म्हणून होतं, आणि लोह दिल्यावर अनेक मुलांत हे प्रसंग लक्षणीय कमी होतात, रक्तक्षय ठळक नसला तरी. त्या वेळी कुशीवर झोपवा आणि थांबा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, गदागदा हलवणं, थोबाडावर पाणी, यांतलं काहीही नको.

चिंचबन
कांदा-चप्पल वाचून हसू आलं, पण हे अजून सर्रास चालतं.
मिरगी आणि हे वेगळं कसं ओळखायचं?

तापमापी
@चिंचबन, क्रम बघा. श्वास कोंडण्यात आधी कारण असतं (पडलं, खेळणं काढलं), मग रडणं, मग निळं, शेवटी झालाच तर झटका. मिरगीत बहुधा कारणाशिवाय झटका आधी आणि निळं नंतर, झोपेतही होतं, आणि नंतर मूल बराच वेळ गुंगीत राहतं. निळं न होता पांढरंफटक पडत असेल, विशेषतः दचकल्यावर किंवा किरकोळ मार लागल्यावर, तर एकदा ईसीजी काढून घ्यावाच. हृदयाच्या ठोक्याचे काही दोष असेच दिसतात.

शक्य झालं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो. एक दुर्मीळ पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट: कारण नसताना, आनंद नसताना, ठरावीक पद्धतीचं खिदळणं वारंवार येत असेल तर ते हायपोथॅलॅमसमधल्या गाठीमुळे येणारे झटके असू शकतात. जायफळ यांनी वर सांगितलेला तोच भाग.

खलबत्ता
लोहासाठी गूळ-शेंगदाणे, नाचणी चालेल ना? औषधं कशाला.

तापमापी
@खलबत्ता, नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम. गुळातलं लोह फार थोडं. हळीव चांगले, पालेभाज्या आणि डाळींवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह जास्त शोषलं जातं, अंडं-मांस खात असाल तर सोनं. पण कमतरता झाल्यावर नुसत्या आहाराने भरून निघत नाही. आणि मूळ चोर बहुतेक घरांत दुधाची बाटली असते. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट भरतं आणि जेवणातून लोह जात नाही. चहा-बिस्कीट हा दुसरा चोर.

ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप असतं, त्यात २० मिग्रॅ लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आशाताईंकडे मिळतं. हा प्रतिबंधाचा डोस. उपचाराचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुधाबरोबर देऊ नका. शी काळी होते, घाबरू नका. बाटली कुलपात ठेवा, जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेततं.

दोनआणे
मेंदूवरून सुरुवात करून हळिवाच्या लाडवांवर आलो. धागा भरून पावला.

नदीकाठ
सगळ्यांनी "वय" एवढं एकच धरलंय. एकाच वयाची दोन मुलं वेगळी असतात, त्याचं काय? जेरोम केगन यांनी हार्वर्डमध्ये चार महिन्यांच्या बाळांसमोर झुलती खेळणी, नवे आवाज, नवे वास धरले. साधारण २० टक्के बाळांनी हातपाय झाडून रडारड केली, ४० टक्के निवांत. पहिल्या गटातली पुष्कळशी पुढे बुजरी निघाली. दोन वर्षांची असताना बुजरी म्हणून नोंदलेली मुलं मोठी झाल्यावर २००३ मध्ये एफएमआरआयमध्ये बसवली, तर अनोळखी चेहऱ्यांना त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया इतरांपेक्षा जास्त. हे घडणीतलं वेगळेपण आहे. अशा मुलाला "अमुकचा बघ कसा शांत बसतो" म्हणणं निरर्थक. त्याला नव्या ठिकाणी पाच मिनिटं आधी न्या, गर्दी जमायच्या आत.

सुपारीफूल
@नदीकाठ, +१००. आणि स्वमग्न मुलांचं स्फोट होणं यातही मिसळू नका. तिथे सुरुवात बहुधा संवेदनांच्या माऱ्याने होते: मिक्सर, कुकरची शिट्टी, न्हाव्याचं मशीन, मिरवणुकीतला डीजे. मागितलेली वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, कारण मागणी नसतेच. उपाय आवाज-उजेड कमी करणं, बाहेर काढणं. अर्थात स्वमग्न मूल साधा हट्टही करतं, आणि साधं मूलही डीजेने फुटतं. एका प्रसंगावरून शिक्का मारू नका.

तापमापी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. भोकाड पसरणं सामान्य: एका मोठ्या पाहणीत (२०१२) बालवाडीच्या वयातल्या सुमारे ८४ टक्के मुलांनी महिन्याभरात कधी ना कधी केलेलं होतं. पण रोज करणारी १० टक्क्यांहून कमी. म्हणून रोज, आठवडेच्या आठवडे, तर दाखवा. प्रसंग नेहमीच २५ मिनिटांच्या वर जात असेल, मूल स्वतःला चावत-ओरबाडत असेल, निम्म्याहून अधिक वेळा माणसांवर किंवा वस्तूंवर हल्ला असेल, मोठ्यांच्या मदतीशिवाय कधीच शांत होत नसेल, तर दाखवा. येत असलेले शब्द गेले असतील तर त्याच आठवड्यात दाखवा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची त्वरित निदान केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, खजिना झालाय. पण माझी गाडी अजून तिथेच उभी आहे! ओढली, मारलं, रडून झालं, दोघंही शांत. आता पुढे काय? आणि वर्गात पंचवीस मुलं, एक ताई आणि एक मावशी.

उंबरठा
@पाटीपेन्सिल, आता भाषण नको, तालीम. गाडी पुन्हा मारणाऱ्याच्या हातात द्या. तुम्ही स्वतः हळूच ती ओढायचा आव आणा. त्याने तळहात समोर धरून "माझी!" म्हणायचं. जमलं की लगेच "हां, असं!" आणि सोडा. तीनदा करा, अर्धं मिनिट लागतं. ज्या खुणेला हात उठत होता त्याच खुणेला दुसरी हालचाल जोडायची आहे. म्हणून गाडी तीच हवी, ओढणंही तसंच हवं. खुर्चीवर बसवून "शहाणी मुलं मारत नाहीत" म्हटल्याने फक्त ते वाक्य पाठ होतं, ते आधीच पाठ आहे. "मारायचं नाही" मध्ये हाताने काय करायचं ते नाही, "हात समोर" मध्ये आहे.

सुपारीफूल
आणि मनुष्यबळ कमी असेल तर प्रसंगच कमी करा. तीन वर्षांच्या गटात आवडीची वस्तू एकच ठेवू नका, एकसारख्या चार गाड्या ठेवा. कुठल्या वेळी, कुठल्या कोपऱ्यात मारामारी होते ते आठवडाभर भिंतीवरच्या कागदावर टिंब काढून नोंदवा. बहुतेक टिंबं डब्याच्या आधीच्या अर्ध्या तासात आणि खेळ आवरताना येतात. डबा वीस मिनिटं अलीकडे घ्या. आवरायच्या वेळी "पाच मिनिटांत" म्हणू नका, या वयाला पाच मिनिटं कळत नाहीत. "अजून दोनदा घसरगुंडी, मग हात धुवायचे" असं म्हणा आणि दोन म्हणजे दोनच.

रिकामा_डबा
डबा वीस मिनिटं अलीकडे हा नियम ऑफिसातही लागू व्हावा.

चिंचबन
@तापमापी, एक शंका. लोहासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगितलंय एका बाळाला, पण सध्या ताप-सर्दी आहे. आत्ताच करावी का?

तापमापी
@चिंचबन, थांबा. संसर्गात फेरिटिन खोटं वाढतं आणि कमतरता झाकली जाते. पाच वर्षांखाली निरोगी मुलात १२ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमतरता धरतात, संसर्ग असेल तर हीच रेघ ३० वर जाते. ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाले की करा. आत्ताच करणं भाग असेल तर सोबत सीआरपी (संसर्ग-दाह दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि रिपोर्ट दाखवताना तापाचं सांगा.